मामाच्या झेनिटची लेन्स उघडली त्याची गोष्ट

गेल्या गणपतीत आजोळी वेंगुर्ल्याला गेले होते तेव्हा मामाने ट्रंकेतून त्याचा जुना झेनिट-ई काढून दाखवला. चामड्याची केस, केसचं पितळी बटन हिरवं पडलेलं, आणि आत तो जड रशियन कॅमेरा, त्यावर हेलिओस ४४-२ लेन्स. मामाने या कॅमेऱ्यावर पंचवीसेक वर्षं लग्नं, मुंजी आणि जत्रेतले दशावतार काढले. शटर दाबलं तर खाडकन वाजलं, म्हणजे बॉडी जिवंत होती. मग लेन्स काढून मोबाइलच्या टॉर्चसमोर धरली आणि पोटात धस्स झालं. आत पांढऱ्या बारीक धाग्यांचं जाळं, मधोमध एक कोळ्यासारखा ठिपका आणि तिथून चारी बाजूंना फुटलेले फाटे.

मामा म्हणाला, "तेका बुरो इलो हा गो. काय करतलंस तेचा?"

मी म्हटलं मी साफ करून बघते, तर म्हणाला घेऊन जा. असं करून ती लेन्स माझ्याबरोबर पुण्याला आली. पुढे ४ महिने मी तिला हात लावला नाही, नुसतं वाचत होते आणि बघत होते, आणि जानेवारीत एका शनिवारी सकाळी उघडायला घेतली. जानेवारी मुद्दाम. पावसाळ्यात किंवा ऑक्टोबरच्या दमट दिवसांत लेन्स उघडून बंद केली की ती दमट हवा आपणच आत कोंडून ठेवतो, म्हणून पुण्याची कोरडी थंडी यायची वाट बघितली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हेलिओस ४४-२ म्हणजे ५८ मिलिमीटर फोकल लेंथची, एफ २ पर्यंत, म्हणजे बरीच मोठी उघडणारी लेन्स. मूळ आराखडा जर्मनीतल्या कार्ल झाइस येनाच्या बायोटार लेन्सचा, युद्धानंतर तो रशियात गेला आणि मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात, आणि पुढे इतर कारखान्यांतही, या लेन्स प्रचंड संख्येने बनल्या. मामाच्या लेन्सवर क्रास्नोगोर्स्कचं चिन्ह आहे, प्रिझममधून आरपार गेलेला किरण, आणि नंबर ७७ने सुरू होतो. या कारखान्याच्या नंबरातले पहिले दोन आकडे बहुतेक वेळा साल सांगतात, म्हणजे ही १९७७ची. आत ६ काचा, पण त्या ४ गटांत. पुढे एक एकटी काच, मग एकमेकींना चिकटवलेली दोन काचांची जोडी, मग अॅपर्चरची पाती (आत येणारा उजेड कमीजास्त करणारी), पलीकडे पुन्हा चिकटवलेली जोडी आणि शेवटी एक एकटी काच. हे डोक्यात पक्कं बसलं पाहिजे कारण हवा लागते ते पृष्ठभाग फक्त ८, आणि बुरशी साफ करायची ती तेवढ्यावरच. चिकटवलेल्या जोडीच्या आत बुरशी शिरली असेल तर घरी काही करता येत नाही, ती जोडी सोडवायच्या भानगडीत पडूच नये. माझ्या नशिबाने जोड्या आतून स्वच्छ होत्या. ते मी उघडायच्या आधीच टॉर्च मागून पुढून, तिरका सरळ असा धरून तासभर बघून ठरवलं होतं. धागे होते ते पातीच्या दोन्ही बाजूंना, आतल्या पृष्ठभागांवर. अंधार, अडकलेली हवा, आणि पातीवर आलेल्या जुन्या ग्रीसच्या तेलाची वाफ बसून काचेवर आलेला धुरकट थर, बुरशीला अजून काय पाहिजे.

आणि ती चामड्याची केस. लोक प्रेमाने कॅमेरा केसमधे घालून कपाटात ठेवतात, पण चामडं ओल धरून ठेवतं आणि त्याच्यावरच बुरा येतो. कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात त्या केसमधे लेन्स ठेवणं म्हणजे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवण्यासारखंच आहे. मामाचा यात दोष नाही, कॅमेऱ्याबरोबर मिळालेली केस होती, त्यातच ठेवायचा असंच सगळ्यांना वाटायचं.

सामान जमवायला वेळ लागला. घड्याळजी वापरतात तसले बारीक पेचकस माझ्याकडे होते. खाचांच्या रिंगा फिरवायचा दोन टोकांचा लेन्स स्पॅनर ऑनलाइन मागवला. आयसोप्रोपिल अल्कोहोल ९९ टक्केवालं घेतलं, कमी टक्क्यांचं पाणीवालं नको, डाग राहतात. हायड्रोजन पेरॉक्साइड मेडिकलमधे ६ टक्क्यांचं मिळतं ते आणलं. अमोनिया रविवार पेठेतल्या केमिकलच्या दुकानात. लायटरचं पेट्रोल, रबरी ब्लोअर, लेन्सचे टिश्यू, नायट्राइलचे ग्लव्ह्ज. आणि बर्फाचा ट्रे. प्रत्येक खणात एका टप्प्याचे स्क्रू, आणि खणाजवळ चिकटपट्टी लावून त्यावर नंबर. टेबलावर पांढरा टॉवेल पसरून त्यावर परात ठेवली आणि सगळं काम परातीतच, कारण हे स्क्रू तिळाएवढे असतात आणि टाइल्सवर पडले की उडून कुठे जातील सांगता येत नाही.

पहिली अडचण पहिल्याच मिनिटाला आली. पुढची नाव लिहिलेली रिंग नुसत्या घर्षणाने फिरवायची असते, तिला खाचा नाहीत. त्यासाठी रबरी टूल मिळतं पण ते मागवायचं राहून गेलं होतं. मग औषधाच्या एका बाटलीच्या बुडाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा ताणून बसवला, तो रिंगवर दाबून फिरवला. नाही हलली. पुन्हा दाबून. नाही. आटे पन्नास वर्षांत घट्ट बसलेले. तेव्हा लायटरच्या पेट्रोलचा अगदी एक थेंब सुईच्या टोकाने रिंगच्या कडेला सोडला आणि तासभर बाजूला ठेवली. परत येऊन फिरवली तर आधी कर्रर्र आवाज आणि मग लोण्यासारखी फिरली.

त्याच्या आतली रिंग खाचांची. इथे मी एक गोष्ट केली ती सगळ्यांनी करा असं मी सांगेन, जाड पुठ्ठ्याचा गोल कापून काचेवर ठेवला आणि मगच स्पॅनर लावला. कारण स्पॅनर घसरतो. माझा घसरलाच. रिंगच्या काळ्या रंगावर एक चकचकीत ओरखडा उठला, पुठ्ठ्यावर खोल चर पडला, आणि पुठ्ठा नसता तर तो चर काचेवर पडला असता. त्यानंतर दहा मिनिटं मी नुसती बसून होते, हात थरथरत होते. रिंगवरचा ओरखडा नंतर काळ्या वॉटरप्रूफ शाईने झाकला, पण उजेडात दिसतो.

पुढची काच बाहेर काढताना हाताने ओढायची नाही. लेन्स टिश्यू वर धरून सगळं हळूच उलटं करायचं, काच आपल्या वजनाने टिश्यूवर येते. आणि येताक्षणी ठरवायचं की हिची पुढची बाजू कुठली. मी प्रत्येक काच निघाली की मोबाइलवर फोटो काढला, काचेच्या काळ्या कडेवर पेन्सिलीने पुढच्या बाजूकडे बाण केला आणि वहीत चित्र काढलं, जास्त फुगीर बाजू इकडे, कमी तिकडे. तिन्ही कशाला? कारण काच उलटी बसली तरी ती बसते. रिंग पण लागते. फक्त फोटो सगळा दुधात बुडवल्यासारखा येतो, आणि चूक कुठे झाली ते शोधायला पुन्हा पहिल्यापासून उघडायला लागतं. काचांच्या मधे स्पेसर रिंग असते, तिची पण वरची-खालची बाजू असते, तिच्यावर पण खूण केली.

मागचा गट स्पॅनरने सरळ निघाला, काही त्रास नाही दिला.

आता काचा. आधी ब्लोअर, नुसती हवा, कारण धुळीचा एक कण फडक्याखाली घासला गेला की काचेवरच्या पातळ कोटिंगवर रेघ पडलीच. मग अल्कोहोलने वरची तेलकट झिलई काढली, मधून बाहेर गोल गोल, टिश्यू दर वेळी नवीन. त्यानंतर पेरॉक्साइड आणि अमोनिया समान, अर्धा अर्धा चमचा, काचेच्या वाटीत, खिडकी उघडी ठेवून, फॅन चालू. हे मिश्रण लागेल तेवढंच करायचं आणि उरलेलं ओतून टाकायचं, बाटलीत बंद करून ठेवलं तर आत गॅस साठतो. एकट्या काचांवर पॅड भिजवून ५ मिनिटं ठेवला. चिकटवलेल्या जोड्या मात्र कशातही बुडवल्या नाहीत, त्यांचा गोंद कडेने सुटू शकतो, म्हणून त्यांच्यावर ओलसर पॅड हलकेच फिरवला आणि लगेच अल्कोहोलने पुसून कोरडा केला.

पुढच्या काचेची आतली बाजू एका पुसण्यात लख्ख झाली. खरं सांगते डोळ्यात पाणी आलं. तो निळसर जांभळट कोटिंगचा रंग, खिडकीचं प्रतिबिंब त्यात इतकं स्वच्छ. मग पातीच्या मागची जोडी घेतली. तिच्यावरचे धागे पण निघाले, टिश्यूवर करडा डाग उठला, मी खूश, आणि टॉर्चसमोर धरलं तर तेच जाळं जसंच्या तसं. पुन्हा पुसलं. तसंच. तिसऱ्यांदा पॅड ठेवायला घेतला आणि मग लक्षात आलं की हे आता बुरशीचं नाहीये, बुरशी केव्हाच निघून गेलीय, हा तिचा ठसा आहे. बुरशी वाढताना आम्ल सोडते आणि ते कोटिंग खातं, बरीच वर्षं राहिली तर काचसुद्धा. धुतल्यावर बुरशी जाते पण खाल्लेलं परत येत नाही. भिंगातून बघितलं तर नेच्याच्या पानासारखी नक्षी दिसत होती, मधली शीर, तिला दोन्हीकडे बारीक फाटे, सगळी मिळून करंगळीच्या नखाएवढी. लोक इथे पॉलिश लावतात, सिरियम ऑक्साइड घेऊन घासतात. मी तिथेच थांबले. त्याने ठसा जाईल पण कोटिंग पण जाईल आणि काचेचा आकार घरी हाताने घासून तसाच राहील याची काय खात्री. ठसा राहू दिला.

पाती ८. त्यांच्यावर तेलाचा थर होता, चकाकत होत्या. झेनिट-ईची ही लेन्स प्रीसेट आहे, म्हणजे एका रिंगवर आकडा ठरवायचा, पूर्ण उघडी ठेवून फोकस करायचा आणि मग दुसरी रिंग फिरवून पाती हाताने बंद करायच्या. कॅमेरा पाती मिटत नाही, आपण मिटतो. त्यामुळे तेलकट पाती असल्या तरी ती अडत नाही, ऑटो लेन्स असती तर अडली असती. तरी तेच तेल उन्हाळ्यात पुन्हा काचेवर बसणार म्हणून काढायचंच होतं. पाती सुट्या करायच्या नाहीत हे मी आधीच ठरवलं होतं. आठ पाती एकमेकींखाली सरकवून परत बसवणं हे सवयीच्या हाताचं काम आहे. इअरबडवर लायटरचं पेट्रोल घेऊन जागच्या जागी पुसल्या, रिंग उघडबंद, पुन्हा पुसल्या, असं वीस-पंचवीस वेळा, बडवर काळं यायचं बंद होईपर्यंत. पातींना नंतर तेल लावायचं नसतं, त्या कोरड्याच चालतात. आणि कापूस बारीक तंतू सोडतो म्हणून शेवटी ब्लोअर मारून टॉर्चने सगळं पुन्हा बघायचं.

इथपर्यंत शनिवार संपला. रविवारी फोकसचे आटे.

यातच सगळ्यात जास्त शिकले म्हणून जरा सविस्तर लिहिते. मामाच्या लेन्सची फोकस रिंग इतकी जड फिरायची की कॅमेऱ्यावर लावून फिरवली तर लेन्सच बॉडीतून सुटायला लागायची. आतलं ग्रीस वाळून डिंकासारखं झालेलं. हे काढायचं म्हणजे हेलिकॉइड सोडवायला लागतं, म्हणजे एकात एक बसलेल्या आट्यांच्या नळ्या. बाटलीच्या झाकणाला एकच आटा असतो, कुठूनही लावलं तरी शेवटी तिथेच येऊन बसतं. हेलिकॉइडला एकाच वेळी अनेक आटे सुरू होतात, म्हणजे नळी आत घालायला अनेक तोंडं आहेत, आणि त्यातलं बरोबर एकच. चुकीच्या तोंडातून घातली तरी ती छान फिरते. फक्त इन्फिनिटीला, म्हणजे अगदी दूरच्या वस्तूच्या फोकसला, पोचत नाही, किंवा पुढे निघून जाते.

म्हणून फोकस रिंगवरचे तीन बारीक, डोकं नसलेले स्क्रू काढून रिंग उतरवली, आणि मग नळी इतकी सावकाश फिरवत बाहेर काढली की जिथे दोन्ही भाग सुटले ना, बरोब्बर त्या क्षणी थांबले आणि दोघांवर मिळून टाचणीने एक रेघ ओढली. मार्करची नाही. मार्कर पेट्रोलने पुसला जातो, आणि पुढचं सगळं काम पेट्रोलनेच करायचंय.

ग्रीस टूथपिकने खरवडून काढलं, वाटाण्याएवढे गोळे निघाले, तपकिरी, जुन्या रॉकेलच्या स्टोव्हसारखा वास. मग टूथब्रश आणि पेट्रोल, आट्यांच्या खोबणीत खोबणीत. स्वच्छ झाल्यावर अॅल्युमिनियम आणि पितळ इतकं सुंदर चमकत होतं की १९७७मधे कुणीतरी लेथवर हे आटे इतके नीट कापले याचंच मला कौतुक वाटत बसलं. नवीन ग्रीस लेन्ससाठीचं घट्ट, दाट. सायकलच्या दुकानातलं ग्रीस लावू नका, उन्हाळ्यात त्याचं तेल सुटतं आणि सरळ पातींवर जातं. लावायचं पण अगदी थोडं, टूथपिकच्या टोकावर घेऊन ठिपके ठिपके, फिरवलं की आपोआप पसरतं.

जोडताना टाचणीची रेघ जुळवली आणि तरी पहिल्यांदा चुकलं, कारण घालताना नळी किंचित तिरकी गेली आणि शेजारचं तोंड पकडलं. बाहेर काढली. दुसऱ्यांदा आधी उलटं फिरवलं, आटे टक करून बसल्यासारखे वाटले, मग सुलटं. आणि ती फिरली, एका बोटाने, आवाज न करता, सगळीकडे सारखीच. तो स्पर्श अजून बोटात आहे.

मग इन्फिनिटी बसवायची. माझ्या मिररलेस कॅमेऱ्यावर अॅडॅप्टरने लावून बघितली तर इन्फिनिटीच्या पलीकडे जात होती, पण त्याच्यावर विश्वास ठेवायचा नव्हता, बरेच अॅडॅप्टर मुद्दाम थोडे पातळ करतात. या स्क्रू माउंटचं अंतर, म्हणजे लेन्स बॉडीला जिथे टेकते तिथून फिल्मपर्यंतचं, ४५.४६ मिलिमीटर ठरलेलं आहे, आणि ते खरं मामाच्या झेनिटच्या बॉडीतच मिळणार. म्हणून झेनिटचं मागचं दार उघडलं, फिल्म जिथे टेकते त्या पट्ट्यांवर धुरकट सेलोटेप ताणून लावला, शटर बी-वर (बटन दाबलेलं असेपर्यंत उघडं राहतं त्या खुणेवर) ठेवून केबलने उघडं धरलं, आणि त्या टेपवर पडणारं चित्र भिंगातून बघितलं. आमच्या गच्चीवरून सिंहगडावरचा टीव्ही टॉवर दिसतो. रात्री त्याचा लाल दिवा. रिंगचे तीन स्क्रू सैल ठेवून तो दिवा टेपवर बारीकात बारीक टिंब होईपर्यंत नळी फिरवली, तिथे थांबून रिंग इन्फिनिटीच्या खुणेवर आणली आणि स्क्रू आवळले. एफ २ला, अंधारात, थंडीत, स्वेटरच्या बाह्या वर करून. टिंब पहिल्यांदा टिंब झालं तेव्हा सव्वादहा वाजले होते.

काचा शेवटी बसवल्या. पेन्सिलीचे बाण, वही, फोटो, तिन्ही जुळवून. धुळीचे दोन कण आत राहिलेत, दिसतात मला, पण फोटोत काही येत नाही म्हणून तसेच ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंडीतल्या तुळशीचा फोटो काढला, एफ २, अर्ध्या मीटरवरून, मागे आंब्याची पानं. ही लेन्स ज्यासाठी लोक शोधतात ते आलं, पानांमधले उजेडाचे ठिपके मधे गोल आणि कडेला लांबट होत होत सगळी पार्श्वभूमी तुळशीभोवती फिरल्यासारखी. मग मुद्दाम सूर्याकडे तोंड करून एक काढला. तिथे ठसा दिसतो. सरळ दिसत नाही, पण काळे भाग राखाडी होतात, चित्रावर पातळ धुकं येतं. उजेड पाठीशी असेल तर काहीच नाही.

शिमग्याला वेंगुर्ल्याला गेले तेव्हा लेन्स घेऊन गेले, घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट. मामाला सगळं समजावलं, डब्यातच ठेवायची, जेल रंग बदलला की कढईत गरम करून परत टाकायचं, दर पंधरा दिवसांनी काढून उजेड दाखवायचा, केसमधे अजिबात नाही. तो ऐकत होता की नाही कुणास ठाऊक, त्याने लेन्स कॅमेऱ्यावर लावली, डोळ्याला लावली, अंगणातल्या माडाकडे धरून फोकस रिंग इकडून तिकडे फिरवली, पुन्हा फिरवली.

"पयल्यासारखी फिरता गो ही," म्हणाला.

मग खाली ठेवली आणि केस कुठाय विचारलं. मी सांगितलं ना केस नको, तर म्हणाला, कॅमेऱ्याला नको, माका व्हयी. ती आता त्याच्या खोलीत खुंटीला टांगलेली असते, रिकामी, आणि कॅमेरा डब्यात.